सातव्या मजल्यावरचा स्वर्ग : दिग्दर्शक फ्रँक बोर्झेगी यांची वाटचाल

१६ मे १९२९ रोजी संध्याकाळी हॉलिवूडमधील रूझवेल्ट हॉटेलात एक भोजनसमारंभ पार पडला. आज सारे जग ज्यांना 'ऑस्कर' म्हणून ओळखते, त्या पुरस्कारांचे ते पहिलेवहिले वितरण होते. विजेत्यांची नावे आधीच जाहीर झालेली असल्यामुळे कोणाच्या मनात धाकधूक नव्हती, आणि वितरणाला सुमारे पंधरा मिनिटेच लागली. दिग्दर्शनासाठी त्या वर्षी दोन पुरस्कार होते, एक विनोदी चित्रपटाला आणि दुसरा गंभीर चित्रपटाला. त्यांपैकी गंभीर चित्रपटाचा पुरस्कार ज्यांना मिळाला ते गृहस्थ अवघे पस्तीस वर्षांचे होते. त्यांचे नाव फ्रँक बोर्झेगी. एका कॅथलिक गवंड्याच्या घरात ते जन्मले होते, आणि पुरस्कारप्राप्त चित्रपटाचा नायक होता पॅरिसच्या गटारात काम करणारा एक सफाई कामगार.

या घटनेला अकरा वर्षे होत नाहीत तोच याच दिग्दर्शकाचा एक चित्रपट अमेरिकेतील कॅथलिकांच्या अधिकृत संघटनेने निषिद्ध ठरवला. आणि त्यानंतर एकोणीस वर्षांनी, आपल्या कारकिर्दीच्या अखेरीस, याच माणसाने प्रेषित संत पेत्रावर चित्रपट काढला. ख्रिस्तसभा आणि कलावंत यांच्या नात्यात असे चढउतार का येतात, हा प्रश्न आमच्यासारख्या धर्मग्रामात काम करणाऱ्या धर्मगुरूला आयुष्यात केव्हा ना केव्हा पडतोच. आमच्या बाबतीत तो कसा पडला हे पुढे ओघात येईलच. तूर्त वाचकांनी आमच्याबरोबर या विस्मृतीत गेलेल्या दिग्दर्शकाची वाटचाल पाहावी, अशी विनंती आहे.

गवंड्याचे घर

बोर्झेगी यांचे वडील लुईजी बोर्झागा हे आल्प्स पर्वतातील रोन्झोने या गावचे. आज तो भाग इटलीत मोडतो, परंतु लुईजींच्या जन्माच्या वेळी तेथे ऑस्ट्रियाचे राज्य होते. दगडी बांधकाम हा त्यांचा व्यवसाय. कामाच्या शोधात ते स्वित्झर्लंडला जात, तेथेच त्यांची मारिया रुएग हिच्याशी ओळख झाली. १८८० नंतरच्या काही वर्षांत ते अमेरिकेस गेले, पेनसिल्व्हेनियातील कोळशाच्या खाणीत राबले, मारियाला बोलावून घेतले आणि १८८३ साली हेझलटन येथे दोघांचा विवाह झाला. पुढे हे कुटुंब पश्चिमेकडे सॉल्ट लेक सिटी येथे स्थायिक झाले. ते शहर मॉर्मन पंथीयांचे. तेथे कॅथलिक कुटुंबे मोजकीच.

लुईजी आणि मारिया यांना चौदा अपत्ये झाली. त्यांपैकी आठच जगली. हा आकडा वाचताना आम्हांला आमच्या आजीची आठवण झाली. आपली जगलेली आणि गेलेली अशी सर्वच मुले ती रोजरीच्या वेळी नावानिशी आठवीत असे. ज्या घरात सहा लहान जिवांना निरोप द्यावा लागला, त्या घरात २३ एप्रिल १८९४ रोजी फ्रँक यांचा जन्म झाला. त्यांच्या चित्रपटांतून माणसे मृत्यूच्या दारात एकमेकांचा हात इतका घट्ट का धरून ठेवतात, याचे एक कारण कदाचित या घरातच सापडेल. अर्थात हा आमचा तर्क. तो तर्क म्हणूनच घ्यावा.

नटाचे दिवस

कोवळ्या वयातच फ्रँक नाटकाकडे ओढले गेले आणि फिरत्या मंडळ्यांबरोबर गावोगाव हिंडले. १९१२ साली ते हॉलिवूडला पोहोचले. तेव्हा हॉलिवूड हे जगाचे चित्रनगर झालेले नव्हते. नारिंगांच्या बागा आणि धुळीचे रस्ते यांच्यामध्ये उभारलेले लाकडी मंच, एवढेच त्याचे वैभव. थॉमस इन्स या निर्मात्याच्या कंपनीत फ्रँक यांना कामे मिळू लागली.

१९१४ साली इन्स यांनी 'द रॅथ ऑफ द गॉड्स' नावाचा चित्रपट काढला. त्याच वर्षी जानेवारीत जपानमधील साकुराजिमा ज्वालामुखीचा भयंकर स्फोट झाला होता, त्याची पार्श्वभूमी कथेला होती. एका जपानी तरुणीशी विवाह करणाऱ्या अमेरिकन खलाशाची भूमिका फ्रँक यांनी केली, तर तरुणीच्या पित्याच्या भूमिकेत होते सेस्सू हायाकावा. हेच हायाकावा पुढे १९५७ सालच्या 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' या चित्रपटात छावणीप्रमुख म्हणून जगभर ओळखले गेले. या कथेतील पिता ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारतो आणि त्यापायी गावकऱ्यांच्या हातून प्राणास मुकतो. अर्थात त्या काळचा परदेशी नजरेचा भडकपणा त्यात भरपूर आहे. तरीही श्रद्धेची किंमत मोजणारा माणूस फ्रँक यांना या व्यवसायाच्या आरंभीच भेटला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९१५ मध्ये, 'द पिच ओ' चान्स' या लघुपटाद्वारे ते दिग्दर्शक झाले. प्रारंभी ते आपल्याच चित्रपटांत नायकाचे काम करीत. घोडे, पिस्तुले आणि जुगारी यांच्या त्या छोट्या कथा होत्या. हळूहळू त्यांनी कॅमेऱ्यासमोरची जागा सोडली आणि ते कायमचे कॅमेऱ्यामागे गेले.

नट राहिलेला माणूस दिग्दर्शक झाला म्हणजे त्याच्या कामात काय फरक पडतो? मूकपटात शब्द नसतात. नटापाशी असतात डोळे, हात आणि खांदे. आपण डोळे किंचित खाली घेतले तर प्रेक्षकाला काय कळते आणि हात उगाच हलवले तर काय बिघडते, हे ज्याने स्वतः अनुभवलेले असते तो दुसऱ्या नटाकडून आरडाओरड मागत नाही. बोर्झेगींचे चित्रपट पाहताना हे सतत जाणवते. त्यांची पात्रे थांबतात, पाहतात, आणि मग एखादी साधी कृती करतात. कोणी कोट काढून दुसऱ्याच्या खांद्यावर घालतो, कोणी केसांवरून हात फिरवतो. वेदीवर उभे राहणाऱ्या आमच्यासारख्यांनाही यातून शिकण्यासारखे आहे. उपासनेतील प्रत्येक कृतीला अर्थ असतो, पण ती संथपणे आणि मनापासून केली तरच तो अर्थ शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो.

१९२० साली आलेल्या 'ह्यूमरेस्क' या चित्रपटाने त्यांचे नाव सर्वतोमुखी केले. न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या वस्तीतील एक गरीब ज्यू कुटुंब, मुलाने व्हायोलिनवादक व्हावे म्हणून देवाला आळवणारी आई, आणि यश हाती आल्यावर युद्धावर जाणारा मुलगा, अशी ती कथा. 'फोटोप्ले' या मासिकाने सुरू केलेले सन्मानपदक मिळवणारा हा पहिला चित्रपट. स्थलांतरितांच्या घरात वाढलेल्या एका कॅथलिक तरुणाने स्थलांतरित ज्यू आईचे दुःख इतक्या आपुलकीने रंगवावे, यात एक शिकवण आहे. शेजाऱ्याची प्रार्थना आपल्या प्रार्थनेच्या भाषेत नसली तरी ती ऐकू येणे, हा श्रद्धेचाच एक भाग आहे.

चिको आणि त्याच्या मेणबत्त्या

१९२५ पासून बोर्झेगी फॉक्स कंपनीत काम करू लागले. थोड्याच काळात तेथे जर्मनीहून एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ हे थोर दिग्दर्शक आले आणि त्यांनी 'सनराइज' काढला. दोघांच्याही चित्रपटांत नायिका होती जॅनेट गेनॉर. १९२७ साली बोर्झेगींचा 'सेव्हन्थ हेवन' म्हणजे 'सातवा स्वर्ग' प्रदर्शित झाला. ऑस्टिन स्ट्राँग यांच्या नाटकावर तो आधारलेला आहे.

कथा पॅरिसमधली, पहिल्या महायुद्धाच्या वेळची. चिको हा गटारात काम करणारा तगडा तरुण. आपण नास्तिक आहोत असे तो छातीठोकपणे सांगतो, आणि त्याचे कारणही देतो. त्याने एकदा देवाला संधी दिली होती. रस्ते धुण्याची नोकरी मिळावी म्हणून एक आणि चांगली बायको मिळावी म्हणून दुसरी, अशा मेणबत्त्या त्याने पदरच्या पैशांनी पेटवल्या. दोन्ही मागण्या फुकट गेल्या, तेव्हा देव आपले देणे लागतो असा त्याचा हिशेब. हे सर्व तो ऐकवतो एका धर्मगुरूला, फादर शेव्हिलाँ यांना. धर्मगुरू त्याच्याशी वाद घालीत नाहीत. ते त्याला रस्ते धुण्याच्या नोकरीचा कागद देतात, आणि सोबत दोन पवित्र पदके.

वाचकहो, या प्रसंगावर आम्ही अनेकदा विचार केला आहे. देव नाही असे म्हणणारा माणूस समोर आला की आमची पहिली प्रवृत्ती त्याला पटवून देण्याची असते. सेमिनरीत आम्ही देवाच्या अस्तित्वाचे पाच पुरावे पाठ केले होते. फादर शेव्हिलाँ मात्र त्याची गरज काय आहे ते ऐकतात आणि ती भागवतात. पदके देतात तीसुद्धा कसलीही अट न घालता.

थोरल्या बहिणीच्या चाबकाचे फटके खाणारी डियान ही अनाथवजा मुलगी चिकोच्या आश्रयास येते. पोलीस तिला नेऊ लागले तेव्हा तिला वाचवण्यासाठी ती आपली पत्नी असल्याची थाप चिको मारतो, आणि पोलीस तपासाला येईपर्यंत तिला आपल्या खोलीत ठेवणे त्याला भाग पडते. ही खोली सातव्या मजल्यावर आहे. दोघे जिना चढू लागतात, आणि त्यांच्याबरोबर कॅमेराही एकेक मजला वर वर जातो. त्यासाठी खास उंच मनोरा उभारून त्यातून कॅमेरा वर नेण्याची सोय केली होती. गटारात राबणारा माणूस ताऱ्यांजवळ राहतो, हे एका शब्दाशिवाय त्या चढणीतून कळते.

युद्ध पुकारले जाते आणि चिकोला लगेच निघावे लागते. विधिपूर्वक विवाहाला वेळ नाही. ती दोन पदके एकमेकांच्या गळ्यात घालून दोघे देवासमोर पती-पत्नी होतात. रोज सकाळी अकरा वाजता एकमेकांचे स्मरण करायचे असे ठरते, आणि चार वर्षे ते व्रत चालते. अखेर चिको मेल्याची वार्ता येते. फादर शेव्हिलाँ त्याचे पदक परत आणून देतात. डियानची श्रद्धा ढासळते, आणि नेमक्या त्या वेळी, युद्धसमाप्तीच्या जल्लोषातून वाट काढीत, आंधळा झालेला चिको सातही मजले चढून दारात उभा राहतो.

हे अशक्य आहे, असे कोणी म्हणेल. समीक्षकांनी तसे म्हटलेही आहे. परंतु पुनरुत्थानावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांना हा शेवट परका वाटणार नाही. प्रेमापुढे मरणाचा शब्द शेवटचा नसतो, हे बोर्झेगी एखाद्या बालकाच्या विश्वासाने सांगतात. या चित्रपटाला पहिल्या वितरणात तीन पुरस्कार मिळाले: दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा, आणि जॅनेट गेनॉर हिला याच्यासह तीन चित्रपटांतील कामाबद्दल अभिनयाचा.

त्यानंतर त्याच जोडीला, म्हणजे गेनॉर आणि चार्ल्स फॅरल यांना घेऊन, त्यांनी 'स्ट्रीट एंजल' (१९२८) आणि 'लकी स्टार' (१९२९) हे चित्रपट केले. 'लकी स्टार' मध्ये युद्धात पाय निकामी होऊन चाकाच्या खुर्चीला खिळलेला सैनिक आणि शेतावरची एक अडाणी, मळकट पोर यांची कथा आहे. तो त्या पोरीचे केस धुऊन देतो, हा प्रसंग पाहताना आम्हांला शेवटच्या भोजनाच्या रात्रीचे ते पाय धुणे आठवले. हा चित्रपट कित्येक वर्षे नष्ट झाला असेच समजले जात होते. पुढे हॉलंडमध्ये त्याची प्रत सापडली.

मंदीचे दिवस आणि नवी संहिता

बोलपट आले आणि मूकपटांचे अनेक सम्राट पदच्युत झाले. बोर्झेगी टिकले. १९३१ च्या 'बॅड गर्ल' या चित्रपटाने त्यांना दिग्दर्शनाचा दुसरा ऑस्कर मिळवून दिला. नाव भडक असले तरी ही कथा एका गरीब तरुण जोडप्याची आणि त्यांच्या पहिल्या बाळंतपणाची आहे. १९३२ साली हेमिंग्वे यांच्या कादंबरीवरून त्यांनी 'अ फेअरवेल टु आर्म्स' काढला. त्यात इस्पितळातील खाटेपाशी एक धर्मगुरू प्रेमिकांवर विवाहाचा आशीर्वाद उच्चारतो. १९३३ सालचा 'मॅन्स कॅसल' हा जागतिक मंदीतील बेकारांच्या झोपडपट्टीत घडतो. एका उनाड माणसाला, आपण बाप होणार हे कळल्यावर, पळून जाण्याची आपली सवय कशी सोडावी लागते ते त्यात पाहावयास मिळते.

बोर्झेगींचे प्रेमिक पुष्कळदा विधीपूर्वीच एकत्र येतात. एक धर्मगुरू म्हणून आम्ही याकडे डोळेझाक करू शकत नाही. विवाह हा पवित्र संस्कार आहे आणि तो ख्रिस्तसभेच्या साक्षीने व्हावा, हीच आमची शिकवण आहे. परंतु हेही नमूद केले पाहिजे की बोर्झेगींची पात्रे संस्काराला तुच्छ लेखीत नाहीत. ती त्याच्यासाठी आसुसलेली असतात. गळ्यात पदक घालून, कोणाचा तरी आशीर्वाद मागून, जमेल त्या रीतीने ती आपल्या प्रेमावर देवाची मुद्रा उमटवून घेऊ पाहतात.

या काळात अमेरिकेत चित्रपटांच्या नीतिमत्तेविषयी मोठे वादळ उठले होते. १९३० साली चित्रपट उद्योगाने जी आचारसंहिता स्वीकारली, तिच्या लेखनात डॅनियल लॉर्ड या जेझुइट धर्मगुरूंचा प्रमुख वाटा होता. १९३४ पासून जोसेफ ब्रीन या कॅथलिक गृहस्थांच्या हाताखाली तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली. त्याच सुमारास 'लीजन ऑफ डीसेन्सी' ही कॅथलिक संघटना पुढे आली. चर्चमध्ये उभे राहून लाखो भाविकांनी अनिष्ट चित्रपट न पाहण्याची शपथ घेतली. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली 'विजिलांती क्यूरा' या परिपत्रात या चळवळीची प्रशंसा केली. चित्रपट हे बरे आणि वाईट दोन्ही घडवू शकणारे प्रभावी साधन आहे, हे त्यांनी त्या काळी ओळखले ही दूरदृष्टीच म्हणावी लागेल. चळवळीचा हेतू शुद्ध होता. आईबापांना आपल्या मुलांची काळजी होती आणि ती रास्त होती.

वादळाची चाहूल

१९४० हे वर्ष बोर्झेगींच्या आयुष्यात दोन अर्थांनी महत्त्वाचे ठरले. जर्मनीतील सामान्य माणसाची फरपट त्यांनी 'लिटल मॅन, व्हॉट नाऊ?' (१९३४) आणि 'थ्री कॉम्रेड्स' (१९३८) या चित्रपटांतून आधीच दाखवली होती. जून १९४० मध्ये त्यांचा 'द मॉर्टल स्टॉर्म' प्रदर्शित झाला. अमेरिका युद्धात उतरायला अजून दीड वर्षाचा अवकाश होता. जर्मनीतील एका विद्यापीठातले सर्वांचे आवडते प्राध्यापक केवळ आपल्या वंशामुळे पदच्युत होतात, छळछावणीत जातात आणि तेथेच त्यांचा अंत होतो. त्यांच्याच घरात वाढलेले सावत्र मुलगे नाझी पक्षात सामील होतात. एकाच जेवणाच्या टेबलाभोवती बसलेले कुटुंब एका संध्याकाळीत कसे दुभंगते, हे त्यातील प्रारंभीचे दृश्य कोणत्याही कुटुंबप्रमुखाने पाहावे असे आहे. कंपनीच्या सावधपणामुळे चित्रपटात 'ज्यू' हा शब्द उच्चारलेला नाही, 'अनार्य' असे म्हटले आहे. तरीही बाण वर्मी बसला आणि जर्मनीने त्या कंपनीच्या चित्रपटांवर बंदी घातली.

त्याच वर्षी त्यांचा दुसरा चित्रपट आला, 'स्ट्रेंज कार्गो'. क्लार्क गेबल आणि जोन क्रॉफर्ड त्यात होते. गियानामधील फ्रेंच तुरुंगातून काही कैदी पळ काढतात. त्यांच्यात काम्ब्रो नावाचा एक गूढ माणूस येऊन मिसळतो. तो कोणालाही उपदेश करीत नाही. वाटेत एकेक कैदी मरतो, पण मरण्यापूर्वी या माणसाच्या सहवासात प्रत्येकाला शांती लाभते. शेवटी उद्धट नायक वादळात काम्ब्रोला समुद्रात ढकलतो, तो लाकडाच्या ओंडक्याला हात पसरून धरतो, आणि त्याला बुडताना पाहून नायकाचे काळीज हलते. तो उडी घेऊन त्याला वाचवतो, आणि नंतर आपली उरलेली शिक्षा भोगण्यासाठी स्वतःहून परत जातो.

लीजन ऑफ डीसेन्सीने हा चित्रपट निषिद्ध श्रेणीत टाकला. धर्माची कल्पना ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी विसंगत आहे, बायबलचा वापर आदराने केलेला नाही, आणि संवाद व प्रसंग कामुक आहेत, असे आक्षेप होते. डेट्रॉइट, बॉस्टन आणि प्रॉव्हिडन्स येथे त्याच्यावर बंदी आली. आक्षेप सर्वस्वी निराधार होते असे आम्ही म्हणणार नाही. क्रॉफर्डच्या पात्राचे काही प्रसंग कुटुंबासमवेत पाहण्याजोगे नाहीत. परंतु एका गुन्हेगार माणसाचे हृदयपरिवर्तन होऊन तो प्रायश्चित्तासाठी परत जातो, ही कथा ज्यांनी निषिद्ध ठरवली त्यांनी तिचा शेवट कोणत्या मनाने पाहिला असेल, असा प्रश्न आमच्या मनात येतो.

आमची एक चूक

हा प्रश्न आम्ही इतरांना विचारण्यापूर्वी स्वतःला विचारला पाहिजे. प्रमुख धर्मगुरू म्हणून आमची पहिलीच नेमणूक झाली तेव्हाची गोष्ट. उपवासकाळात चर्चच्या सभागृहात नाटक करण्याची युवा मंडळाची प्रथा होती. त्या वर्षी मंडळातील एका मुलाने स्वतः नाटक लिहिले. प्रभू येशू बांधकामावरच्या बिगाऱ्याच्या वेषात येतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये मजुरांबरोबर राहतो, अशी कल्पना. आम्ही वहीची पहिली चार पाने वाचली. त्यात हा बिगारी मुकादमाच्या शिव्या खातो आणि रात्री मजुरांच्या घोळक्यात बसतो, तेथे कोणी विडी ओढीत असतो, कोणी दारू पितो. आम्ही वही मिटली. हे पवित्र काळाला शोभणारे नाही, असे सांगून नाटक बंद केले. मुलगा काही बोलला नाही. पुढे तो युवा मंडळात दिसेनासा झाला, आणि हळूहळू मिस्सालाही.

बऱ्याच वर्षांनी आईच्या अंत्यविधीसाठी तो परदेशातून आला. आम्ही त्या धर्मग्रामातून बदलून गेलो होतो, पण त्याच्या आईला ओळखत असल्यामुळे गेलो. दफनानंतर तो आमच्याशी नीट बोलला, आमच्या प्रकृतीची चौकशी केली. निघताना म्हणाला, "फादर, त्या नाटकात शेवटी तो बिगारी काय करतो, ते तुम्ही विचारलंच नाहीत." आम्ही तेव्हा विचारले. पडणाऱ्या भिंतीखालून मुकादमाच्या मुलाला ढकलून तो स्वतः तिच्याखाली सापडतो, असा शेवट होता. आम्ही त्याची क्षमा मागितली. त्याने हात हातात घेतला. ती वही मात्र त्याच्यापाशी उरली नव्हती.

'स्ट्रेंज कार्गो'ची हकिकत आम्ही वाचली ती यानंतर. त्यामुळे ती आम्हांला दूरच्या देशातील जुनी गोष्ट वाटली नाही.

अखेरचा टप्पा

बोर्झेगी या निषेधाने कटू झाले नाहीत. १९४४ च्या 'टिल वी मीट अगेन' या चित्रपटात त्यांनी फ्रान्समधील एका मठातील तरुण भगिनीची कथा सांगितली. शत्रूच्या हद्दीत उतरलेल्या अमेरिकन वैमानिकाला सोडवण्यासाठी ती मठाचे सुरक्षित कुंपण ओलांडते आणि त्याची किंमत चुकवते. १९४८ साली आलेला 'मूनराइज' हा त्यांच्या उत्तरार्धातील सर्वांत गंभीर चित्रपट. फाशी गेलेल्या बापाचा मुलगा म्हणून लहानपणापासून हिणवला गेलेला तरुण, हातघाईत झालेला खून, आणि शेवटी पळणे थांबवून स्वतःला कायद्याच्या स्वाधीन करणे, असा त्याचा प्रवास आहे. पापकबुलीनंतर माणूस ताठ मानेने चालू लागतो, हे प्रायश्चित्त संस्काराला बसणाऱ्यांना सांगायला नको.

व्यक्तिगत जीवनात मात्र त्यांना दुःखाचे घोट घ्यावे लागले. १९१६ साली झालेला त्यांचा विवाह १९४१ मध्ये घटस्फोटात संपला. पडद्यावर अतूट प्रेमाची साक्ष देणाऱ्या माणसाच्या घरात हे घडावे, याचे कोणाला नवल वाटेल. आम्हांला वाटत नाही. आपण ज्याची घोषणा करतो ते आपल्यालाच पूर्णपणे जगता येत नाही, हा अनुभव व्यासपीठावरून प्रवचन देणाऱ्या प्रत्येकाचा आहे. त्यांच्या अंतरीच्या श्रद्धेचा हिशेब देवापाशी आहे, तो आपण मांडू नये.

'मूनराइज' नंतर सुमारे दहा वर्षे त्यांचा एकही चित्रपट आला नाही. मग १९५८ साली 'चायना डॉल' आणि १९५९ साली 'द बिग फिशरमन' प्रदर्शित झाले. दुसरा चित्रपट लॉईड डग्लस यांच्या कादंबरीवर आधारलेला, सुमारे तीन तासांचा. संत पेत्राची भूमिका हॉवर्ड कील यांनी केली. समीक्षकांनी त्याचे फारसे कौतुक केले नाही, आणि कलेच्या दृष्टीने तो 'सेव्हन्थ हेवन' च्या पासंगालाही पुरत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यातही हेरोदाचा सूड घ्यायला निघालेली एक मुलगी सूड सोडून देते. म्हणजे पन्नास वर्षांच्या वाटचालीनंतरही बोर्झेगींच्या मनात तीच एक गोष्ट घोळत होती: माणूस बदलू शकतो, आणि तो कोणाच्या तरी प्रेमामुळेच बदलतो. जो प्रभूला तीनदा नाकारून रडला, त्या कोळ्याजवळ येऊन त्यांचा प्रवास थांबावा हे उचितच झाले. १९ जून १९६२ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

त्यानंतर चारच महिन्यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला आरंभ झाला. संपर्कसाधनांविषयीचे तिचे घोषणापत्र डिसेंबर १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पाहण्याच्या बाबतीत आपली सदसद्विवेकबुद्धी घडवण्याची जबाबदारी प्रेक्षकांवरही सोपवली गेली. १९९५ साली चित्रपटकलेला शंभर वर्षे झाली तेव्हा व्हॅटिकनने पंचेचाळीस उत्तम चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. निषिद्धांच्या यादीकडून उत्तमांच्या यादीकडे हा प्रवास अर्थपूर्ण आहे. बोर्झेगींचा एकही चित्रपट तीत नाही. मात्र त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसंग्रहात जतन करण्यासाठी 'सेव्हन्थ हेवन' ची निवड झाली.

आज आपल्या घराघरांत पडदा आहे, तो मुलांच्या खिशातही आहे. काय पाहावे आणि काय पाहू नये हे सांगण्याची आईबापांची आणि आम्हां धर्मगुरूंची जबाबदारी संपलेली नाही, उलट वाढली आहे. परंतु नकार देण्यापूर्वी मुलांबरोबर बसून पाहावे, त्यांनी लिहिले असेल तर शेवटच्या पानापर्यंत वाचावे, आणि मग बोलावे, एवढे आम्ही आमच्या चुकीतून शिकलो. चिकोच्या मेणबत्त्या वाया गेल्या होत्या, असे त्यालाही वाटले होते. आमच्या त्या पूर्वीच्या धर्मग्रामातील मुलाने आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सासाठी यंदा पुन्हा येण्याचे कळवले आहे. युवा मंडळाच्या आताच्या मुलांना घेऊन एका संध्याकाळी 'सेव्हन्थ हेवन' पाहावा, आणि चर्चेला त्यालाच बोलावावे, असा आमचा विचार आहे.